चौपायी नायकाचा वेस्टर्न : ‘झान्ना बियांका’चे विवेचन

लुचो फुल्ची या रोमच्या दिग्दर्शकाने १९७३ साली जॅक लंडनच्या ‘व्हाइट फँग’ या कादंबरीवरून ‘झान्ना बियांका’ हा चित्रपट काढला. इटली, स्पेन आणि फ्रान्स या देशांनी मिळून उभा केलेला हा प्रकल्प होता. फ्रँको नेरो, व्हिर्ना लिसी, फर्नांडो रे अशी नामवंत मंडळी, कार्लो रुस्तिकेल्लीचे संगीत, बर्फाने झाकलेला मुलूख आणि या सगळ्यांच्या मधोमध एक कुत्रा. मुलाबाळांना घेऊन पाहायला जावे, असा हा चित्रपट. मात्र तो करणाऱ्या माणसाचे नाव आज घेतले जाते ते ‘झोंबी २’ (१९७९) आणि ‘द बियॉन्ड’ (१९८१) यांसारख्या रक्ताने माखलेल्या भयपटांसाठी. शिवाय ज्या प्रकारात तो मोडतो तो इटालियन वेस्टर्न त्या काळी निर्दयपणासाठीच ओळखला जात असे.

या विसंगतीचा उलगडा केला की एका संपूर्ण चित्रपटप्रकाराची घडण हाती येते. माझे प्रतिपादन असे : इटालियन वेस्टर्नने सज्जन नायक मोडीत काढला होता. कुटुंबासाठी वेस्टर्न करायचा तर शंकेला जागा नसलेला चांगुलपणा कोणाच्या तरी अंगी दाखवणे भाग होते, आणि ते काम लांडग्याचे रक्त असलेल्या कुत्र्यावर सोपवण्यात आले. चांगुलपणा, साक्ष आणि शिक्षा ही तिन्ही ओझी त्याच्या पाठीवर आली. त्याची किंमत त्याच्यातल्या लांडग्याने चुकवली.

मूळ कादंबरीचा गाभा

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. पुढच्या जुलैत सोन्याने लादलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलला लागली, तेव्हा अमेरिकेत हे सोन्याचे वेड पसरले. सुमारे एक लाख माणसे निघाली आणि तीस-चाळीस हजारच पोचली. त्यांत एकवीस वर्षांचा जॅक लंडन होता. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय सरहद्द ओलांडू देणार नाही असा नियम घातला होता, त्यामुळे प्रत्येकाला जवळजवळ टनभर ओझे डोंगरावरून वाहून न्यावे लागे. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडे मेले. नद्या गोठल्या की वाहतूक खरी चालायची ती कुत्र्यांच्या जोरावर. चांगल्या कुत्र्याची किंमत तिथे माणसाच्या जिवाशी जोडलेली होती आणि लंडनने ती जवळून पाहिली. १८९८ साली तो स्कर्व्हीने दात हलू लागलेल्या अवस्थेत, नाव घेण्याजोगे सोने न मिळवता परतला. त्या हिवाळ्यातून पुढे दोन कादंबऱ्या निघाल्या. १९०३ च्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये घरगुती कुत्रा रानाकडे जातो. १९०४ च्या अखेरीस लंडनने आपल्या प्रकाशकाला कळवले की आता हीच प्रक्रिया उलट्या दिशेने दाखवायची आहे. ती १९०६ ची ‘व्हाइट फँग’.

या कादंबरीतला प्राणी तीन हिस्से लांडगा आणि एक हिस्सा कुत्रा आहे. आई किची अर्धी कुत्री, बाप पूर्ण लांडगा. त्याला एकामागून एक तीन धनी मिळतात. ग्रे बीव्हर हा आदिवासी त्याला काठीने कायदा शिकवतो. त्याच्या हाताखाली न्याय आहे, माया नाही. ब्यूटी स्मिथ त्याला पिंजऱ्यात ठेवून झुंजीच्या पैजा लावतो आणि त्याच्यात द्वेष भरतो. वीडन स्कॉट त्याला मरणाच्या दारातून ओढून काढतो आणि मायेने जिंकतो. लंडनला इथे चांगला प्राणी आणि वाईट प्राणी असा भेद करायचा नाही. एकाच रक्ताचा जीव परिस्थितीने कसा घडतो, याची ती पायरीपायरीने केलेली मांडणी आहे. व्हाइट फँग क्रूर होतो तेव्हा त्याचा दोष नसतो आणि प्रेमळ होतो तेव्हा ते त्याचे पुण्य नसते. हा निर्मम विचार पेलण्याची ताकद असल्यामुळेच कादंबरी मोठी आहे.

त्या काळी तिच्यावर टीकाही झाली. १९०७ साली खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी एका मासिकातून लंडनला निसर्गाचे खोटे चित्रण करणाऱ्यांच्या रांगेत बसवले. बुलडॉगने लांडग्याला जेरीस आणणे त्यांना अशक्य वाटले होते. लंडनने पुढच्या वर्षी उत्तर दिले. आपले प्राणी माणसासारखा विचार करत नाहीत, हे आपण पुस्तकात पुन्हापुन्हा बजावले आहे, असा त्याचा मुद्दा होता. पुढे चित्रपटांनी नेमकी हीच मर्यादा ओलांडली.

नायकाची रिकामी जागा

युरोपात कुटुंबासाठीचा वेस्टर्न आधी जर्मनांनी केला. १९६२ साली कार्ल मायच्या कथेवरून ‘सिल्व्हर लेकमधला खजिना’ आला आणि त्यामागून विनेटूपटांची मालिका सुरू झाली. युगोस्लाव्हियातल्या सरोवरांपाशी आणि कड्यांवर चित्रित झालेल्या या पटांत पिएर ब्रिस हा फ्रेंच नट विनेटू हा अपाची सरदार होई. नायक उदात्त असे आणि खलनायक ओळखता येई. दोनच वर्षांनी सर्जियो लिओनेने भाड्याने बंदूक चालवणारा माणूस पडद्यावर आणला. १९६६ साली सर्जियो कोर्बुच्चीच्या ‘जँगो’त फ्रँको नेरो शवपेटी ओढत चिखलातून चालत आला आणि सज्जन नायकाचे दुकान इटलीत जवळजवळ बंद झाले. १९६८ च्या ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये कोर्बुच्चीने डोलोमाइट पर्वतातल्या बर्फात असा वेस्टर्न केला की त्यात शेवटी दुष्टच जिंकतात. बर्फ आणि वेस्टर्न यांचे लग्न इटलीत आधीच लागले होते, पण ते मुलांना दाखवण्यासारखे नव्हते.

१९७० साली ‘ट्रिनिटी’ आला. टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर यांच्या चापट्या-बुक्क्यांनी मुलांना पुन्हा वेस्टर्नच्या खिडकीवर उभे केले. गोळ्या कमी आणि हशा जास्त असला की सगळे घर तिकीट काढते, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले. त्याच सुमारास जॅक लंडनही युरोपच्या हवेत होता. १९७१ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीने त्याच्या ‘सी वुल्फ’ची चार भागांची मालिका दाखवली आणि राइमुंड हार्मस्टॉर्फ हा धिप्पाड नट घराघरांत पोचला. १९७२ साली केन अ‍ॅनाकिनने चार्लटन हेस्टनला घेऊन नॉर्वेत ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ चित्रित केला. त्यातही हार्मस्टॉर्फ होता आणि ‘झान्ना बियांका’तही तो कुर्ट यान्सन होऊन आला. एकाच नटाचा असा तीन ठिकाणी वावर हा योगायोग नव्हता. सहनिर्मितीचे गणितच तसे होते. अनेक देशांच्या पैशांतून झालेला चित्रपट त्या प्रत्येक देशात स्वदेशी ठरे, सरकारी साहाय्याला आणि चित्रपटगृहांतल्या राखीव जागेला पात्र होई, आणि मग प्रत्येक बाजारासाठी ओळखीचा एकेक चेहरा लागे. स्पेनसाठी फर्नांडो रे, जर्मनांसाठी हार्मस्टॉर्फ, इटलीसाठी नेरो आणि लिसी. सगळ्या देशांना सारखाच कळणारा एकमेव नट मात्र कुत्रा होता, कारण त्याचे संवाद भाषांतरित करावे लागत नव्हते.

मूल आणि प्राणी ही जोडीही युरोपच्या ओळखीची होती. फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवर १९६५ साली ‘बेल ए सेबास्तियां’ आली होती, पिरेनीज जातीचा पांढराशुभ्र थोराड कुत्रा आणि डोंगरातला एक अनाथ पोरगा यांची. म्हणजे सगळे सुटे भाग बाजारात हजर होते. ते जोडण्याचे काम फुल्चीकडे आले, आणि इथे त्याच्या आधीच्या चित्रपटांतले कुत्रे आठवणे अगत्याचे आहे.

१९६६ चा त्याचा ‘मॅसकर टाइम’ सुरू होतो तो कुत्र्यांनी माणसाची शिकार करण्याच्या दृश्याने. एका श्रीमंताचा विकृत मुलगा करमणुकीसाठी जिवंत माणसामागे शिकारी कुत्री सोडतो. १९७१ च्या ‘अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन’मध्ये प्रयोगशाळेत पोटे फाडून टांगलेली कुत्री दिसतात. ती इतकी खरी वाटली की प्राण्यांच्या छळाबद्दल खटला उभा राहिला आणि कार्लो राम्बाल्डी या कारागिराला आपली यांत्रिक कुत्री न्यायालयात नेऊन दाखवावी लागली. मग १९७३ चा नायक कुत्रा. आणि पुढे १९८१ च्या ‘द बियॉन्ड’मध्ये आंधळ्या मुलीला सांभाळणारा जर्मन शेफर्ड तिच्याच गळ्यावर झेप घेतो. शस्त्र, बळी, त्राता, मारेकरी. पंधरा वर्षांतल्या या चार रूपांत एक धागा मला स्पष्ट दिसतो. फुल्चीच्या जगात कुत्र्याला स्वतःचा असा सद्गुण नाही. माणसे त्याच्यात जे ओततात तेच तो बाहेर काढतो. लंडनच्या मूळ विचाराच्या इतका जवळ असलेला दुसरा व्यावसायिक दिग्दर्शक त्या काळच्या इटलीत सापडला नसता. म्हणूनच ‘झान्ना बियांका’त जे घडते ते अधिक चटका लावणारे आहे : या दिग्दर्शकाला कादंबरी कळलेली असणार, पण कौटुंबिक चित्रपटाच्या साच्यात तिचा गाभा बसत नव्हता.

कथेतली उलथापालथ

कादंबरीतून काय उचलले, काय टाकले आणि काय फुगवले हे पाहिले की साच्याची सक्ती नेमकी कळते.

चित्रपटाचा भावनिक कणा म्हणजे मित्सा हा आदिवासी मुलगा आणि कुत्रा यांचे नाते. कादंबरीत मित्सा आहे, पण छोट्या जागेत. तो ग्रे बीव्हरचा मुलगा, पिल्लांची स्लेज हाकणारा. एकदा जळण गोळा करताना इतर पोरे त्याला मारतात आणि व्हाइट फँग त्यांच्यावर तुटून पडतो. परत आल्यावर ग्रे बीव्हर पोरांच्या घरच्यांसमोर कुत्र्याची बाजू घेतो आणि त्याला भरपूर मांस देतो. लंडनसाठी हा प्रसंग कायद्याचा धडा आहे : धन्याच्या मालमत्तेचे आणि माणसांचे रक्षण केले तर शिक्षा होत नाही, हे प्राणी शिकतो. चित्रपटाने या एका प्रसंगाचे बी घेऊन अख्खे झाड वाढवले आणि कायद्याच्या जागी मैत्री ठेवली. कौटुंबिक चित्रपटाला प्रेक्षागृहात बसलेल्या मुलाचा प्रतिनिधी पडद्यावर लागतोच, त्यामुळे ही निवड अटळ होती आणि निवडीचा डोळाही चांगला होता.

वीडन स्कॉट हा कादंबरीत खाणतज्ज्ञ. चित्रपटात तो जेसन स्कॉट नावाचा लेखक-पत्रकार होतो. यामागे मला सरळ युक्ती दिसते. लेखकाला गावातला अन्याय पाहण्याचे आणि लिहिण्याचे कारण असते, आणि उत्तरेतून कथा घेऊन परतलेल्या जॅक लंडनचीच सावली त्याच्यावर पडते. पण त्यामुळे फ्रँको नेरोच्या वाट्याला चमत्कारिक भूमिका आली. ‘जँगो’ ज्याने केला तो नट इथे मारामारी करतो, हसतो, प्रेमाने बोलतो. मात्र निर्णायक क्षणी कथेची सूत्रे त्याच्या हातात नसतात, ती कुत्र्याच्या जबड्यात असतात.

सर्वांत मोठा बदल ब्यूटी स्मिथचा. कादंबरीत हा किल्ल्यातल्या लोकांसाठी स्वयंपाक आणि भांडी करणारा, कुरूप, भेकड, सगळ्यांनी हिणवलेला माणूस. त्याची क्रूरता दुबळ्याची क्रूरता आहे. जगाने त्याला जे दिले ते तो पिंजऱ्यातल्या प्राण्यावर काढतो. लंडन त्याच्याविषयीही सांगून टाकतो की त्याला कोणीतरी असेच घडवले होते. जॉन स्टाइनर या इंग्रज नटाने रंगवलेला चित्रपटातला स्मिथ मात्र डॉसन शहराचा अनभिषिक्त मालक आहे, सडपातळ, थंड डोक्याचा, पैशाने आणि गुंडांनी सर्वांना मुठीत ठेवणारा. मला यात इतिहासातल्या दुसऱ्याच स्मिथचा वास येतो. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात ‘सोपी’ या टोपणनावाचा जेफरसन स्मिथ हा टोळीप्रमुख सोन्याच्या वाटेवरच्या लोकांना राजरोस लुबाडत असे. ८ जुलै १८९८ रोजी धक्क्यावरच्या गोळीबारात तो मेला. खरे डॉसन तसे नव्हते. तिथे घोडेस्वार पोलिसांचा धाक होता आणि पिस्तुले मिरवण्याला बंदी होती. म्हणजे चित्रपटाने सरहद्दीपलीकडची अंदाधुंदी उचलून कॅनडाच्या शिस्तीतल्या गावात बसवली. कारण उघड आहे. पोलीस काम करत असतील तर वेस्टर्न उभाच राहत नाही.

ग्रे बीव्हरचे पतन हा कादंबरीतला सर्वांत वेदनादायक भाग. तो किल्ल्यावर फर आणि हातमोजे विकायला येतो, नफा कमावतो, आणि स्मिथ त्याला व्हिस्कीची चटक लावतो. पैसा संपतो, माल संपतो आणि शेवटी कुत्रा विकावा लागतो. गोऱ्यांच्या बाजारात आदिवासी समाज कसा मोडला, याचे हे छोटे आणि अचूक चित्र आहे. चित्रपटात मित्साचा बाप चार्ली हा स्मिथच्या टोळीच्या दुष्टपणाला बळी पडतो. इतिहासात हळूहळू होणाऱ्या विध्वंसाला चित्रपटाने एका गुन्ह्याचे रूप दिले. गुन्ह्याला गुन्हेगार असतो आणि गुन्हेगाराला कुत्रा चावू शकतो. व्यवस्थेला चावता येत नाही. मुलांसाठीच्या कथेची ही मर्यादा मी समजू शकतो, तरी हा तोटा मोठाच आहे.

भर घातलेल्या पात्रांत सिस्टर इव्हांजेलिना ही जोगीण आणि फादर ओटली हा पाद्री लक्षात राहतात. लंडन धर्म न मानणारा समाजवादी. त्याच्या बर्फात देव नाही; तिथे कुत्र्याला माणूसच देव वाटतो. इटली आणि स्पेनच्या प्रेक्षकांसाठी मात्र गावात एक चर्च आणि एक रुग्णालय आले. ही भर ऐतिहासिकदृष्ट्या निराधार नाही. डॉसनमध्ये फादर विल्यम जज या जेझुइट पाद्र्याने खरोखरच रुग्णालय उभारले होते, सेंट अ‍ॅन संघाच्या जोगिणी १८९८ मध्ये तिथे पोचल्या आणि जानेवारी १८९९ मध्ये फादर जज वारले तेव्हा ते त्या गावाचे संत मानले जात होते. इटालियन मनात लांडगा आणि संत यांची गाठ तर फार जुनी आहे. गुब्बियो गावाला त्रस्त करणाऱ्या लांडग्याशी सेंट फ्रान्सिसने करार केला आणि तो गावात सर्वांचा होऊन राहिला, ही कथा तिथले प्रत्येक मूल ऐकते. फुल्चीचा कुत्रा लंडनच्या कादंबरीचा शेवट जिथे होतो त्या कॅलिफोर्नियापेक्षा या गुब्बियोच्या अधिक जवळ राहतो.

या सगळ्या बदलांचा गाभा हिंसेच्या हस्तांतरात आहे. वेस्टर्नमध्ये शेवटी कोणीतरी कोणाला तरी मारावे लागते. मुलाने मारले तर चित्रपट कौटुंबिक राहत नाही. जोगीण मारू शकत नाही. नेरोने गोळी घातली तर तो पुन्हा ‘जँगो’ होतो. प्राण्याने केलेली शिक्षा मात्र खून ठरत नाही. प्रेक्षक ती निसर्गाचा न्याय म्हणून स्वीकारतो आणि त्याच्या मनावर डाग पडत नाही. कादंबरीतही शेवटी व्हाइट फँग जिम हॉल या फरारी कैद्याला ठार करतो. पण तिथे लंडन थांबून सांगतो की हॉलला त्या गुन्ह्यात अन्यायाने शिक्षा झाली होती आणि तुरुंगानेच त्याला श्वापद बनवले होते. मारणारा आणि मरणारा दोघेही परिस्थितीची लेकरे. चित्रपटातही जिम हॉल हे नाव येते. त्याच्या पाठीमागचा विचार येत नाही.

लांडग्याच्या भूमिकेत जर्मन शेफर्ड

आता त्या देहाकडे वळू, कारण चित्रपटात विचारापेक्षा देह आधी दिसतो. तीन हिस्से लांडगा असलेल्या प्राण्याची भूमिका फुल्चीच्या चित्रपटात उघडउघड जर्मन शेफर्ड करतो. अ‍ॅनाकिनच्या चित्रपटातही बक या नायक कुत्र्याची भूमिका शेफर्डनेच केली होती, लंडनने बक सेंट बर्नार्ड आणि स्कॉच शेफर्ड यांचा संकर आहे असे लिहिलेले असूनही.

याला पन्नास वर्षांची परंपरा होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्ये, फ्रान्सच्या लोरेन भागात ली डंकन या अमेरिकन सैनिकाला शेफर्डची पिल्ले सापडली. त्यातले एक रिन टिन टिन. १९२३ च्या ‘व्हेअर द नॉर्थ बिगिन्स’मध्ये तो लांडग्यांत वाढलेला कुत्रा झाला आणि १९२५ मध्ये लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या. त्याच वर्षी ‘व्हाइट फँग’च्या मूकपटात स्ट्राँगहार्ट हा जर्मनीत शिकवलेला शेफर्ड आला. उभे कान, लांब मुस्कट, राखी-काळी केसाळ पाठ. पडद्यावर लांडगा म्हणजे हाच चेहरा, हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झाले. स्वतः ही जात १८९९ पासून माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी आज्ञापालन आणि काम हे निकष ठेवून घडवली. म्हणजे दिसायला लांडग्याजवळची आणि स्वभावाने त्याच्यापासून दूर नेलेली जात चित्रपटांनी लांडगा म्हणून निवडली. हे सोयीचे होते, एवढेच.

खरा लांडगा का घेतला नाही, याचे उत्तर त्याच्या वाढीत आहे. कुत्र्याच्या पिल्लाची माणसाशी ओळख जमण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पसरलेला असतो. लांडग्याच्या पिल्लाचा तो लवकर उघडतो आणि लवकर मिटतो. डोळे नीट उघडण्याआधी हाताशी घेतले नाही तर पुढे कष्ट वाया जातात. मोठा झाल्यावर त्याला नवी वस्तू, नवा आवाज, नवा माणूस यांची धास्ती वाटते. दिवे, पंखे, ओरडणारा साहाय्यक दिग्दर्शक अशा जागी तो अंग चोरून कोपरा धरतो. संकर केला तरी हा भिडस्तपणा सहज जात नाही, आणि युरोपने याचा अनुभव प्रत्यक्ष घेतला होता. नेदरलँड्समध्ये लेन्डर्ट सार्लोस यांनी १९३० च्या दशकात शेफर्ड आणि लांडगी यांचा संकर सुरू केला. कामाचा दणकट कुत्रा मिळावा ही त्यांची इच्छा होती. हाती आला तो बुजरा, धन्यापुरता हळवा, परक्याला टाळणारा प्राणी. १९७५ साली त्याला जात म्हणून मान्यता मिळाली. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी १९५५ पासून सीमेवरच्या पहाऱ्यासाठी असाच प्रयोग केला आणि १९५८ मध्ये पहिली पिल्ले झाली. तिथे पुढच्या पिढ्यांत पुन्हापुन्हा शेफर्ड मिसळावा लागला.

म्हणजे लांडग्याचे रक्त धाडस वाढवते ही चित्रपटांची समजूत मुळातच चुकीची. ते सावधपणा वाढवते. झेप घेऊन खलनायकाच्या मनगटाला लोंबकळणारा, भरल्या गुत्त्यात न बिचकणारा, अनोळखी जोगिणीच्या पायाशी बसणारा वीर हा शंभर टक्के कुत्राच आहे. लंडनला हे ठाऊक होते. त्याचा व्हाइट फँग शहरातल्या ट्राम आणि गर्दी पाहून दडपून जातो, परक्याचा हात अंगाला लागला की शहारतो. चित्रपटाने लांडग्याची कीर्ती घेतली आणि कुत्र्याचा स्वभाव घेतला. या चोरीत लांडगा केवळ नावापुरता उरला.

उरलेली जादू संकलनाची. शिकवलेला कुत्रा पडद्याबाहेर उभ्या माणसाकडे पाहतो. पुढच्या तुकड्यात आजारी मुलाचा चेहरा येतो. प्रेक्षक त्या नजरेत चिंता वाचतो. फुल्ची डोळ्यांवर झेपावणाऱ्या झूमचा सोस असलेला दिग्दर्शक, त्यामुळे हे तंत्र त्याच्या हाताला आपसूक बसणारे होते. कुत्र्याला वासाने सत्य कळते, हे पडद्यावर दाखवता येत नाही. म्हणून तो रोखून पाहतो, गुरगुरतो आणि प्रेक्षक समजतो की दोषी कोण ते याने ओळखले. साक्षीदाराचे काम असे फक्त जोडणीतून उभे राहते.

याच १९७३ साली इटलीत खऱ्या लांडग्यांचे काय चालले होते? एरिक झिमेन आणि लुइजी बोइतानी या संशोधकांनी त्या वर्षी पाहणी केली आणि देशभरात जेमतेम शंभरेक लांडगे उरले असल्याचा अंदाज दिला. १९७१ मध्ये शिकारीला बंदी झाली होती, १९७६ मध्ये पूर्ण संरक्षण मिळाले. मोकाट कुत्र्यांशी होणारा संकर हा आपेनाइन डोंगरांतल्या लांडग्यांपुढचा धोका बोइतानींनी पुढे वारंवार मांडला. आपल्याकडे पुण्याभोवतीच्या माळरानांवर हाच प्रश्न आज उभा आहे. वेगळ्या, पिवळसर रंगाचे लांडगे दिसल्यावर झालेल्या जनुकीय तपासणीत २०२३ साली कुत्र्यांशी संकराचा पुरावा मिळाला. मेंढपाळांच्या वाड्यांभोवती फिरणाऱ्या या संकरित जिवांत शौर्य शोधायला कोणी जात नाही. लांडग्याची जात त्यांच्यामुळे विरघळत चालली आहे.

दुसरा भाग आणि पुढचे वारस

‘झान्ना बियांका’ चालला आणि १९७४ साली फुल्चीने त्याच प्रमुख नटांना घेऊन ‘इल रितोर्नो दी झान्ना बियांका’ काढला. मेला असे वाटलेला स्मिथ खोट्या नावाने परततो. मित्सा सुरुवातीलाच मारला जातो आणि कुत्रा दुसऱ्या एका मुलाला आणि त्याच्या आजोबांना येऊन मिळतो. आजोबांचे आडनाव टारवॉटर, म्हणजे लंडनच्याच एका उत्तरकालीन कथेतल्या, म्हातारपणी क्लोंडाइकला निघालेल्या माणसाचे. भूमिका हॅरी कॅरी धाकटे यांची, जॉन फोर्डच्या अमेरिकन वेस्टर्नमधून आलेले. तपशिलांत कौतुकाच्या जागा आहेत, पण चित्रपट म्हणून तो उणा आहे. मित्साच्या मरणाचे दुःख कुत्र्याला पुरते होण्याआधीच नवा मुलगा हजर होतो. पहिल्या भागात नाते घडायला वेळ लागत होता. दुसऱ्यात कुत्रा म्हणजे कोणत्याही मुलाला जोडता येणारा सुटा भाग ठरतो. लंडनच्या प्राण्याला धनी बदलण्याची किंमत दर वेळी जिवाने मोजावी लागली होती.

मग नकला आल्या. तोनिनो रिच्चीने १९७४ सालीच ‘झान्ना बियांका अल्ला रिस्कोस्सा’ काढला आणि नेरोसारख्या दिसणाऱ्या माउरित्सियो मेर्लीला नायक केला. हाच मेर्ली लवकरच इटालियन पोलीसपटांतला लाडका कमिशनर झाला. अल्फोन्सो ब्रेश्याने १९७५ मध्ये आणखी एक काढला. यांत कादंबरीचा संबंध शीर्षकापुरता. फुल्ची स्वतः १९७५ मध्ये ‘फोर ऑफ द अ‍ॅपोकॅलिप्स’कडे गेला, आणि तिथे कोणत्याही कुत्र्याने माणसांना वाचवले नाही.

१९९१ साली डिस्नीने अलास्कातल्या हेन्स परिसरात ‘व्हाइट फँग’ चित्रित केला. त्यात जेड नावाचा, खरोखर लांडग्याचे रक्त असलेला प्राणी होता. तो दिसायला इतका अस्सल होता की कथेचे केंद्र पुन्हा माणसाकडे, ईथन हॉकने रंगवलेल्या तरुणाकडे गेले. जेड जवळ येतो, लांबून पाहतो, विस्तवाच्या कडेला थबकतो.  युरोपने २०१८ मध्ये अलेक्सांद्र एस्पिगारेस यांच्या ‘क्रॉक-ब्लां’ या अ‍ॅनिमेशनपटातून तिसरी वाट काढली. चितारलेल्या प्राण्याला शिकवावे लागत नाही, त्याला बुजरे ठेवता येते, भिववता येते, पिल्लापणापासून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बर्फ दाखवता येतो. कुत्र्याच्या नाकासमोरचे जग, लंडनने शंभर वर्षांपूर्वी शब्दांत धरलेले, कॅमेऱ्यापेक्षा रंगरेषांना जास्त साधले. तरीही हाडामांसाचा कुत्रा खऱ्या बर्फात धावताना जी वाफ तोंडातून सोडतो ती ‘झान्ना बियांका’त आहे, आणि त्या वाफेसाठी मी हा चित्रपट त्याच्या सगळ्या उण्यांसह त्या मालिकेत वरचा मानतो.